त्याची गाडी मेळाव्याला आणताना : स्मरणार्थ होणाऱ्या कार-मीटची तयारी

ग्रुपमधला एखादा माणूस जातो आणि काही महिन्यांनी कोणीतरी म्हणतं, "त्याच्या नावाने एक मीट करू या." सगळे लगेच हो म्हणतात. मग तारीख ठरते, बॅनर छापून येतो, आणि आदल्या दिवशी लक्षात येतं की ज्याच्यासाठी हे चाललंय त्याची गाडी वर्षभर कव्हरखाली उभी आहे आणि ती सेल्फने (स्टार्टरने) सुरूसुद्धा होत नाही. असा मेळावा पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. मेळावा एका दिवसाचा असला तरी तयारी सहा आठवड्यांची धरा. त्यातले निम्मे आठवडे त्या एका गाडीलाच द्यावे लागतात.

उदाहरण म्हणून पुण्यातला ग्रुप घेऊ. चाळीसेक गाड्या, आणि गेलेल्या मित्राची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी अजून बऱ्याच घरांत जपलेली आहे. १०८९ सीसीचं साधं कार्ब्युरेटरवालं इंजिन असल्यामुळे पुढची बहुतेक कामं घरच्या अंगणात होतात. अँबेसिडर, काँटेसा, जुनी ८००, जिप्सी यांनाही थोड्या फरकाने हेच लागू आहे.

आधी घरच्यांकडे जा

फोन करू नका, दोघंच जाऊन भेटा. दहा जणांनी एकदम जाऊ नये. वहिनींना, आईवडिलांना किंवा मुलांना चार गोष्टी विचारा: मेळावा केलेला आवडेल का, कोणती तारीख नको, गाडी बाहेर काढलेली चालेल का, आणि ती चालवायची कोणी. वर्षश्राद्ध घरी तिथीने होतं, ग्रुपला मात्र रविवार हवा असतो. त्यामुळे तोच आठवडा धरलात तर घरच्यांची ओढाताण होते, पुढचा-मागचा रविवार घ्या. जून ते सप्टेंबर टाळा, कारण जुन्या गाड्यांचे वायपर आणि ड्रम ब्रेक दोन्ही पावसात दगा देतात. मित्र रस्ता अपघातात गेला असेल तर नोव्हेंबरचा तिसरा रविवार बघा. रस्ते अपघातांतल्या बळींच्या स्मरणासाठी संयुक्त राष्ट्रांनी तो दिवस २००५ साली ठरवला आहे, आणि हवाही तेव्हा गाड्यांना मानवणारी असते.

उत्तर "नको" आलं तर गाडीचा विषय तिथेच सोडा. मेळावा फोटोसमोरही होतो.

कागदपत्रं

गाडीचा मालक हयात नसताना ती रस्त्यावर आणायची असेल तर हे काम सगळ्यात आधी करा. नियम असा आहे: मृत्यूनंतर ३० दिवसांच्या आत वारसाने आरटीओला मृत्यूची आणि गाडी आपण वापरणार असल्याची माहिती द्यायची. ती दिली असेल तर तीन महिन्यांपर्यंत गाडी वापरता येते, आणि त्या तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची. सोबत मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा, आरसी, विमा आणि पीयूसी लागते. मुदत गेली असली तरी अर्ज होतो, उशिराचा भुर्दंड पडतो एवढंच. विम्याचंही तसंच आहे. पॉलिसी मालकाच्या मृत्यूबरोबर लगेच संपत नाही. ती मृत्यूपासून तीन महिने किंवा पॉलिसीची मुदत, यात जे आधी येईल तिथपर्यंत चालू राहते. त्यानंतर ती गाडी चालवणं म्हणजे विम्याशिवाय चालवणं. मीटच्या दिवशी कोणाला धक्का लागला तर भरपाई त्या घरावर येईल.

पंधरा वर्षांवरची खासगी गाडी असेल तर आरसीचं पाच वर्षांचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर भरलाय का ते बघा. पद्मिनीइतक्या जुन्या गाडीची पीयूसी सहाच महिने चालते. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेटही लागते. यातलं काहीही अपुरं असेल तर गाडी फ्लॅटबेडवर (गाड्या वाहून नेणाऱ्या सपाट ट्रकवर) टाकून आणा आणि मैदानात उतरवा. त्यात काही कमीपणा नाही.

घरच्यांशी बोलताना आणखी एक विचारा. मित्र स्वतःची गाडी चालवताना अपघातात गेला असेल, तर पॉलिसीबरोबर मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा घेतलेला असू शकतो. तो दावा अनेक घरांत केलाच जात नाही, कारण पॉलिसीचा कागद कोणी उलगडून पाहिलेला नसतो. मेळाव्यापेक्षा या एका कागदाचा त्या घराला जास्त उपयोग होईल.

उभी राहिलेली गाडी जागी करणं

पहिला नियम: जाऊन थेट किल्ली फिरवू नका. उत्साहात सगळे हेच करतात आणि कोरड्या सिलिंडरवर पिस्टन घासतात. क्रम असा ठेवा.

बॉनेट उघडून आधी उंदीर बघा. एअर फिल्टरच्या डब्यात चिंध्या, सीटखाली लेंड्या, वायरिंगवर दातांच्या खुणा. उघडी पडलेली एक वायर बॉडीला टेकली तर बॅटरी जोडताक्षणी धूर निघतो. वायरिंग पूर्ण पाहून होईपर्यंत बॅटरी जोडू नका.

बॅटरी काढून घरी न्या. १२ व्होल्टची चांगली बॅटरी काही तास नुसती ठेवल्यावर मीटरवर १२.६ च्या आसपास दाखवते. १२ च्या खाली असेल तर ती उतरलेली आहे, चार्जरवर सावकाश रात्रभर लावा. चार्ज करून दुसऱ्या दिवशी पुन्हा पडली तर नवीन घ्या. मीटच्या दिवशी धक्का मारून गाडी सुरू करायची वेळ येऊ देऊ नये.

चारही प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर, म्हणजे ५ मिली, इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन हँडलने किंवा क्रँक पुलीवर पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. अडलं तर जोर लावू नका. अजून ऑइल सोडून एक दिवस थांबा. इंजिन हाताने सहज फिरलं की प्लग काढलेलेच ठेवून थोडा सेल्फ मारा, म्हणजे ऑइल वरपर्यंत चढेल. त्याआधी जुनं इंजिन ऑइल काढून २०डब्ल्यू-५० भरलेलं असावं, पातळी डिपस्टिकवर बघून.

आता पेट्रोल. वर्षभर जुन्या पेट्रोलला रंगासारखा, व्हार्निशचा वास येतो. सध्याच्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढतं, जुन्या रबरी होज (नळ्या) आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम (रबरी पडदा) फुगवतं, आणि टाकीच्या तळाचा गाळ सोडवून फिल्टरपर्यंत आणतं. म्हणून टाकी पूर्ण रिकामी करा. जुनं पेट्रोल बाटलीत घेऊन उजेडात धरा. तळाशी पाण्याचा वेगळा थर किंवा तांबूस गंज दिसला तर टाकी उतरवून धुवावी लागेल. फिल्टर नवा, पेट्रोलची रबरी नळी सगळी नवी (मीटरभर पुरते, क्लिपही नव्या घ्या), पंपाचं किट नवं. कार्ब्युरेटर उघडून जेट (पेट्रोलची बारीक भोकं) हवेने साफ करा, त्यात तार घालू नका. फ्लोटची, म्हणजे आतल्या तरंगत्या डब्याची, पेट्रोल अडवणारी सुई चिकटली असेल तर पेट्रोल ओव्हर होऊन गरम इंजिनावर ओघळतं, आणि जुन्या गाड्या जळण्याचं हे एक मोठं कारण आहे. दोन किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवल्याशिवाय पहिला स्टार्ट करूच नका. टाकीत नवं पेट्रोल १० लिटर पुरे.

प्लगला करंट येत नसेल तर बहुधा सीबी पॉइंटवर (डिस्ट्रिब्युटरमधल्या ठिणगीसाठी उघडझाप होणाऱ्या टोकांवर) थर बसलेला असतो. बारीक पॉलिश पेपर फिरवा, गॅप साधारण ०.४५ मिमी ठेवा. प्लगच्या वायरी काढताना खूण केली नसेल तर लक्षात ठेवा, फायरिंगचा क्रम १-३-४-२.

ब्रेकला सगळ्यात जास्त वेळ द्या. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम आहेत. उभ्या गाडीत ब्रेक ऑइल पाणी शोषतं, व्हील सिलिंडर आतून गंजतात, लायनर ड्रमला चिकटतात. पेडल पहिल्या दाबाला घट्ट लागलं म्हणून समाधान मानू नका. पेडल एक मिनिट दाबून धरा. हळूहळू खाली गेलं तर मास्टर सिलिंडर (पेडलने दाबला जाणारा ब्रेकचा मुख्य सिलिंडर) गेलेला आहे. चारही ड्रम उघडा, सिलिंडरची रबर किट बदला, सगळं जुनं ब्रेक ऑइल काढून डॉट ३ दर्जाचं भरा आणि नळ्यांतली एअर (हवा) काढा. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून करायची: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी कितीही भरलेली दिसली तरी सहा वर्षांवरचा किंवा कडेला भेगा पडलेला टायर घाटात नेऊ नये. स्टेपनीचाही आकडा वाचा.

पहिला स्टार्ट गाडी मोकळ्या जागी काढून, चोक ओढून करा. ऑइलचा दिवा काही सेकंदांत गेला नाही तर बंद करा. चालू झाल्यावर अर्धा तास तिथेच उभी ठेवून गळती बघा, होज हाताने दाबून बघा, फॅन बेल्ट अंगठ्याने दाबला तर १० ते १५ मिमी दबला पाहिजे. मग गल्लीत दोन किलोमीटर, दुसऱ्या दिवशी दहा, आणि शेवटी मीटच्या आधीच्या रविवारी पूर्ण मार्गावर जाऊन-येऊन. ही शेवटची फेरी झाली नाही तर गाडी फ्लॅटबेडवरच आणा.

एक गोष्ट साफसफाई करणाऱ्यांसाठी. ग्लोव्ह बॉक्समधल्या वस्तू, आरशाला लटकवलेलं काही, सीटमागची जुनी डायरी, यातलं काहीही फेकू नका. पिशवीत घालून घरच्यांना द्या. सीट त्याने लावून ठेवली होती तिथेच राहिली तर बरं. चालवणाऱ्याला मागेपुढे करावी लागली तर रुळावर खडूने खूण करा.

मार्ग आणि ताफा

अंतर एका बाजूने ४०-५० किलोमीटरच्या वर नको. चांदणी चौकातून भूगाव, पिरंगुट, पौड करत मुळशीकडे जाणारा रस्ता या कामाला चांगला आहे. चढ छोटा आहे आणि वाटेत पंप आणि पंक्चरवाले आहेत. भूगावला मात्र रविवारी गर्दी तुंबते, म्हणून सकाळी सहाला निघा. आठ वाजता तिथे अडकलेल्या दहा जुन्या गाड्यांपैकी दोन तरी गरम होणारच, कारण पंखा इंजिनच्या बेल्टवर फिरतो आणि गाडी रांगत असताना वारा पुरत नाही. द्रुतगती मार्ग अशा ताफ्यासाठी घेऊ नका. तिथे थांबायला मनाई आहे आणि ५५ च्या वेगाने जाणारी रांग इतरांनाही धोक्याची होते.

चाळीस गाड्यांची एक रांग कधीही करू नका. पाच-सहाचे गट करा आणि दोन गटांत पाच मिनिटांचं अंतर ठेवा. गटात सगळ्यात हळू गाडी दुसऱ्या क्रमांकावर असावी, म्हणजे पुढचा आपोआप तिच्या वेगाने जातो. प्रत्येकाने मागच्या गाडीची जबाबदारी घ्यायची: आरशात ती दिसेनाशी झाली तर पुढच्या सुरक्षित जागी थांबायचं. शेवटच्या गटात मेकॅनिक, टो-दोरी, जंपर केबल, २० लिटर पाणी, फॅन बेल्ट, डायफ्राम, एक होज आणि पॉइंट-कंडेन्सरचा जोड. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावून जायची सवय सोडा. वळणार आहात की नाही ते मागच्याला कळत नाही.

त्याच्या पद्मिनीला पहिल्या गटात पहिला मान द्या. गाडी येऊ शकत नसेल तर काही ग्रुप पहिल्या गटात दोन गाड्यांमध्ये एका गाडीची जागा रिकामी ठेवून जातात. बघायला ते फार हलवून टाकतं, पण आपल्या रस्त्यावर ती जागा रिकामी राहत नाही, रिक्षा नाहीतर दुचाकी घुसतेच. ती रिकामी जागा मैदानातल्या ओळीत ठेवा.

चहाला थांबून निघताना पद्मिनी स्टार्ट होत नाही, हा प्रकार हमखास घडतो. बंद इंजिनची उष्णता पंपात आणि नळीत चढते, पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ ढकलत बसतो. इथेनॉलच्या पेट्रोलने हे वाढलं आहे. लोक सेल्फ मारत राहतात आणि बॅटरी घालवतात. बॉनेट उघडा, पंपावर आणि नळीवर ओलं फडकं ठेवा, पंधरा मिनिटं थांबा. रेडिएटरचं झाकण गरम असताना मात्र कोणी सांगितलं तरी उघडायचं नाही.

हार, दिवा, बॅनर

श्रद्धेने केलेल्या गोष्टींनीच त्या दिवशी गाड्या बंद पडतात, म्हणून हे नीट वाचा. झेंडूचा जाड हार पुढच्या जाळीवर आडवा बांधला की रेडिएटरला वारा मिळत नाही आणि पिरंगुटच्या चढालाच काटा लाल होतो. फ्लेक्सचा बॅनर पुढे बांधला तर तेच, शिवाय नंबरप्लेट झाकली जाते. हार मैदानात पोचल्यावर घाला, आणि बॉनेटच्या वर, काचेखाली. पाकळ्या काचेखालच्या जाळीत जातात, परतताना काढून घ्या. काळी फीत आरशाला नको, दाराच्या हँडलला बांधा.

फोटोसमोरचं निरांजन आणि उदबत्ती गाडीपासून किमान पाच मीटरवर ठेवा. जुन्या गाडीच्या टाकीच्या झाकणातून, कार्ब्युरेटरमधून पेट्रोलची वाफ सतत येत असते आणि ती जमिनीलगत पसरते. बॉनेटवर पेटता दिवा ठेवून फोटो काढणं तर पूर्ण बंद. नारळ फोडायचा तर बाजूला दगडावर.

मैदान

एका गाडीला उभं राहायला अडीच बाय पाच मीटर, आणि वळायच्या वाटेसह २५ चौरस मीटर लागतात. चाळीस गाड्यांना १००० चौरस मीटर, म्हणजे साधारण दहा गुंठे. मांडव, चहा आणि मुलांसाठी धरून पंधरा गुंठ्यांची जागा बघा. जागामालकाची लेखी संमती घ्या, ग्रामपंचायतीला कळवा आणि पोलिस ठाण्याला अर्ज द्या. स्पीकरची परवानगी वेगळी. वाळलेलं गवत असेल तर आदल्या दिवशी कापून घ्या, सायलेन्सरने ते पेटतं. ऑइल गळणाऱ्या गाड्यांखाली पुठ्ठा आणि वाळू टाका, ते शेत कोणाचं तरी आहे.

माणसं शंभर धरा. पोहे आठ किलो, चहा दोन वेळचा वीस लिटर. जेवण ठेवू नका, अकरापर्यंत सगळे परतीला लागलेले बरे.

रक्तदान शिबिर ठेवायचं तर परवानाधारक रक्तपेढीला महिनाभर आधी गाठा. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५, आणि आधीच्या रक्तदानाला पुरुषांना ९० दिवस, स्त्रियांना १२० दिवस झालेले असावेत. पण रक्त देऊन लगेच कोणी स्टिअरिंगवर बसू नये. पॉवर स्टिअरिंग नसलेली गाडी घाटातून उतरवताना चक्कर आली तर काय होईल? चालवणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी शहरात द्यावं, मैदानात सोबत आलेल्यांनी. किंवा शिबिर आदल्या शनिवारी घ्या.

प्रत्यक्ष कार्यक्रम

अर्धा तास. त्याची गाडी किंवा रिकामी जागा मध्ये, बाकीच्या दोन्ही बाजूंना अर्धगोलात. सगळी इंजिनं बंद. दोन मिनिटं स्तब्धता. घरच्यांपैकी कोणाला बोलायचं असेल तर त्यांनी बोलावं, पण माईक हातात देऊन आग्रह करू नका. ग्रुपमधून दोघंच, प्रत्येकी पाच मिनिटं. मग त्याची गाडी एकटी सुरू करायची, आणि किल्ली फिरवणारा घरचाच असावा: मुलगी, मुलगा, भाऊ, वहिनींची इच्छा असेल तर त्या. गाडी आधी गरम करून ठेवा म्हणजे पहिल्याच सेल्फला लागेल. तो आवाज स्थिर झाला की मग बाकीच्यांनी आपापल्या गाड्या सुरू करायच्या. रेस मारणं, टायर घासणं, कर्कश हॉर्न, काहीही नको. रस्त्यावर शर्यत लावणं तर कायद्यानेही गुन्हा आहे. अपघातात गेलेल्या माणसाच्या आईसमोर कोणी टायर घासले तर त्याला त्याच क्षणी परत पाठवा, मग तो कितीही जुना सभासद असो.

पहिल्यांदा येणाऱ्यांनी एवढं पाळावं: विचारल्याशिवाय कोणाच्या गाडीचं दार उघडू नये, त्याच्या गाडीत बसून फोटो काढू नये, आणि घरच्यांना "गाडी देणार का?" हे विचारू नये. आडूनही नाही, "सांभाळायला अवघड जात असेल ना" असंही नाही. हे दरवेळी कोणीतरी करतं. ओळख करून देताना आपण त्याला कसं ओळखत होतो ते एका वाक्यात सांगा. त्या दिवशी घरच्यांना तेच ऐकायचं असतं.

जमलेल्या पैशांचा हिशेब त्याच आठवड्यात पावत्यांसह सगळ्यांना कळवा. उरलेली रक्कम घरच्यांच्या हातात पाकिटातून देऊ नका, कुठे द्यायची ते त्यांना विचारा. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण हा चांगला पर्याय आहे.

गाडी परत लावताना

पद्मिनी त्याच दिवशी घरी पोचवा. पुढच्या काही आठवड्यांत फिरणार असेल तर टाकी भरून ठेवा, म्हणजे आत हवा आणि ओल कमी राहते. तीन-चार महिने हलणार नसेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करा. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा पाच पीएसआय जास्त. हँडब्रेक सोडलेला, गाडी गिअरमध्ये, चाकाखाली दोन विटा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. दर पंधरा दिवसांनी कोण येऊन वीस मिनिटं चालवणार, त्यांची नावं पाळीने लिहून एक कागद घरी द्या. उभ्याउभ्या इंजिन चालू करून बंद करणं पुरत नाही, त्याने ब्रेक आणि टायर तसेच राहतात. त्याच कागदाच्या मागे ब्रेक ऑइल, इंजिन ऑइल आणि होज बदलल्याची तारीख, विमा आणि पीयूसी संपायची तारीख लिहा, आणि किल्ली त्यांच्या हातात देऊन निघा.